नक्षीची मागची बाजू

हिमरूची शाल विकत घेणारा माणूस तिची सुलट बाजू बघतो. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या हातात शाल आली की तो आधी ती उलटी करतो. मागे रेशमाचे मोकळे धागे असतात. सुती ताण्यावर रेशमाचा जादा बाणा घालून नक्षी उठवायची, हे हिमरूचं तंत्र. फूल दिसायला हवं तिथे रेशीम वर येतं, नको तिथे ते मागून वाहत जातं. याच वाहत्या धाग्यांचा थर अंगाला मऊ लागतो, थंडीत ऊब देतो. विणणाऱ्याने कुठे काटकसर केली, कुठे त्याच्याकडचं रेशीम संपलं, कुठे हात चुकला, हे सगळं मागून कळतं. यंत्रमागावरच्या नकलेत हे धागे बरेचदा कापूनच टाकलेले असतात, म्हणून ती शाल हातात घेताच हलकी आणि कोरडी लागते.

मी पडेगावात राहते. छावणी ओलांडली की दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर लागतं ते पडेगाव. लेणी बघायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या दिवसभर या रस्त्यावरून धावतात, आणि परतताना त्यातली बरीच मंडळी हिमरू म्हणून काहीतरी घेऊन जातात. मी विणकर नाही. मी ग्राफ काढते. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरायचं. उभ्या ओळी म्हणजे ताण्याचे धागे, आडव्या ओळी म्हणजे बाण्याच्या फेऱ्या. भरलेलं घर म्हणजे तिथे रेशीम वर. पूर्वी पेन्सिलीने काढायची, आता संगणकावर काढते, आणि त्यावरून जेकार्ड मागाची भोकं असलेली कार्डं पाडली जातात. पैठणीवाल्यांची कामंही येतात, पण जीव हिमरूतच आहे, कारण मला हे काम शिकवलं ते जुन्या शहरातल्या एका हिमरूच्या उस्तादांनी. ते मला बेटी म्हणतात. त्यांच्या तरुणपणी माग जेकार्डवर नव्हते, जाळ्यावर चालायचे. मागाच्या वर उभ्या दोऱ्यांचं जाळं बांधलेलं, त्यात नक्षी गाठींनी अडकवलेली. एक माणूस वर बसून ठरलेल्या क्रमाने दोऱ्यांचा झुपका खेचायचा, ताण्याचे तेवढेच धागे उचलले जायचे आणि खाली बसलेला विणकर रेशमाचा धोटा टाकायचा. पुन्हा खेच, पुन्हा धोटा.

माझी भाची लंडनजवळ स्लाउला नोकरी करते. तिच्याकडे जायचं ठरल्यावर मी तिला आधीच सांगून टाकलं की एक दिवस मला एकटीला सोड. ती म्हणाली, "मावशी, एकटी कशी फिरशील? रविवारी मी येते ना." तिला वाटत होतं मी हरवेन. मला वाटत होतं, ती बरोबर असली की एका कापडापुढे मला हवा तेवढा वेळ उभं राहता येणार नाही. शेवटी तिने नकाशा काढून दिला, कुठल्या स्टेशनावर गाडी बदलायची ते लिहून दिलं आणि डबा भरून दिला.

लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम हे कारागिरी आणि डिझाइन यांचं जगातलं फार मोठं संग्रहालय. त्याचं कोठार आता शहराच्या पूर्वेला, ऑलिम्पिक पार्कात हलवलंय. 2012च्या ऑलिम्पिकच्या वेळी जिथे माध्यमांचं केंद्र होतं, त्या इमारतीत. 31 मे 2025पासून ते लोकांसाठी खुलं झालं. अडीच लाख वस्तू तिथे आहेत, आणि त्यातली कुठलीही वस्तू कुणीही मागवून बघू शकतं. निदान दोन आठवडे आधी नोंदणी करायची, एका वेळी पाच वस्तूंपर्यंत. पैसे नाहीत, शिफारसपत्र नाही, पदवी विचारत नाहीत. मी पडेगावातल्या माझ्या टेबलावर बसून त्यांची यादी चाळली होती. हैदराबाद संस्थानातलं, दख्खनचं म्हणून नोंदवलेलं बरंच कापड त्यात आहे. आपला सगळा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. फोटोवरून जे आमच्याकडचं वाटलं, ते मी मागवून ठेवलं.

आत शिरल्यावर आधी मान वर करून बघतच राहिले. चारी बाजूंनी लोखंडी मांडण्या, त्यावर खुर्च्या, मूर्ती, पेट्या, सायकली, सगळं उघड्यावर. तिथेच आग्र्याच्या किल्ल्यातल्या हमामखान्याचे संगमरवरी खांब आणि कमानी. शहाजहानच्या काळचे. मला ते बघून बरं वाटलं नाही. आपल्याकडे बीबी का मकबऱ्याचा संगमरवर निखळला तर किती हळहळतो आपण, आणि इथे आख्खी कमान उचलून आणलेली. जरा पुढे फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आहे, 1926च्या सुमारास मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की नावाच्या बाईने कामगारांच्या घरांसाठी आखलेलं. डाळी-पिठाचे खण, कापायचा ओटा, सगळं हाताच्या अंतरावर. बाईला किती पावलं चालावी लागतात हे मोजून केलेली ती आखणी. तिथे मी बराच वेळ उभी होते, पण माझी वेळ झाली होती.

बघायच्या खोलीत लांब टेबल होतं. तिथे पेन चालत नाही, पेन्सिल चालते. हातमोजे घातलेल्या एका तरुण मुलीने माझं कापड आणून ठेवलं आणि वरचा पातळ कागद बाजूला केला.

गडद लाल जमीन, त्यावर पिवळ्या आणि हिरव्या रेशमाची कोयरी. लहान, बोटाच्या पेराएवढी. तुकड्याची एक कड विणतानाची होती आणि समोरची कात्रीने सरळ कापलेली. म्हणजे मोठ्या थानातून काढलेला. कोयऱ्यांच्या ओळी मी बघत गेले: एका ओळीत शेंडा वर, पुढच्या ओळीत शेंडा खाली, मग पुन्हा वर. आमच्याकडे ही चाल नेहमीची आहे आणि तिचं कारण शोभेपेक्षा सोयीचं आहे. जाळ्यात नक्षी एकदाच बांधतात. दोऱ्या पहिलीपासून शेवटपर्यंत खेचल्या की कोयरी उभी येते. त्याच दोऱ्या शेवटापासून उलट खेचत आणल्या की तीच कोयरी खाली डोकं वर पाय अशी उतरते. वेगळं जाळं बांधायचे कष्ट नाहीत, दोऱ्या पुन्हा आरंभाला नेऊन लावायचा वेळ वाया जात नाही, आणि कापड एकसुरीही होत नाही. ज्याने हे पहिल्यांदा केलं, त्याची बुद्धी केवढी असेल!

मी त्या मुलीला विचारलं, मागची बाजू दाखवता येईल का. तिने आणखी एकीला बोलावलं. दोघींनी मिळून वर एक पाटी ठेवली, खाली एक, आणि मधे धरून अलगद उलटवलं. मागे तेच मोकळे धागे. दीडशे वर्षांनीही रेशमाची चमक होती. माझ्याकडची धागे मोजायची काच मी कापडाला न लावता वरच धरली आणि हिरव्याच्या मागे लागले. अर्ध्या तुकड्यापर्यंत एक हिरवा, तिथून पुढे थोडा पोपटी. विणकराकडचं आधीचं रेशीम तिथे संपलं असणार. आणि एका कोयरीच्या कडेला एक पायरी दोनदा आलेली. म्हणजे वर बसलेल्याने तोच झुपका लागोपाठ दोन वेळा खेचला. सुलट बाजूला ते शोधूनही सापडत नव्हतं, मागे मात्र धाग्याची जोडी ठळक होती. वर बसणारा हा बहुतेक वेळा घरातलाच पोऱ्या असायचा. उस्ताद स्वतः आठव्या-नवव्या वर्षापासून वर बसले. मी त्या जोडधाग्याकडे बघत राहिले आणि मला भरून आलं. त्या मुलीने काही न विचारता मला वेळ दिला.

मग मी नोंद वाचली. लांबी, रुंदी, सूत आणि रेशीम, दख्खन, एकोणिसावं शतक. विणणाऱ्याचं नाव नाही. ते अपेक्षितच होतं. पण मला खटकलं ते दुसरंच. ही नक्षी ज्याच्यामुळे निघाली त्या जाळ्याचा उल्लेखही नव्हता. कापड इथे जिवापाड जपलंय, ऊन नाही, दमटपणा नाही, कसर नाही. कापड ज्यातून निघतं ती बांधणी मात्र कुणी जपली नाही, तिकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही. जाळं म्हणजे दोऱ्या आणि गाठी. मागणी थांबली की ते सोडतात आणि तीच दोरी दुसऱ्या कामाला लावतात. कागदावर ते कधी उतरलेलं नसतं, बांधणाऱ्याच्या बोटांत असतं.

दुपारी भुयारी रेल्वेने शहराच्या दुसऱ्या टोकाला, साउथ केन्सिंग्टनला आले. म्युझियमची मुख्य इमारत इथे. 1851 साली जवळच्या हाइड पार्कात काचेच्या महालात जगभरच्या मालाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. हिंदुस्थानातल्या कापडापुढे लोक थबकले. आपल्या गिरण्यांच्या कापडाला रंग आणि नक्षीची जाण नाही, हे इंग्रजांच्याच लक्षात आलं. ओवेन जोन्स नावाच्या वास्तुकाराने 1856च्या आपल्या पुस्तकात जगभरच्या अलंकरणाचे नमुने छापले, त्यात हिंदी नक्षीला त्याने मनापासून वाखाणलं. प्रदर्शनातल्या वस्तूंची खरेदी करून 1852 साली जे कारखानदारीचं संग्रहालय उघडलं, तेच पुढे इथे आलं आणि 1899 साली त्याला राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव मिळालं. आपल्या मुंबईच्या भायखळ्यालाही याच नावाचं संग्रहालय 1872 साली उघडलं. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे.

पण आमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं काम झालं ते 1866 साली. जॉन फोर्ब्स वॉटसन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या संग्रहाचा प्रमुख. त्याने कोठारातली हिंदी कापडं काढली, त्यांचे तुकडे केले आणि 18 खंडांत 700 नमुने चिकटवले. असे 20 संच. त्यातले 13 ब्रिटनमधल्या शहरांत, 7 हिंदुस्थानात. प्रत्येक नमुन्याखाली लांबी, रुंदी, वजन, गाव. पगडीचं कापड, लुगडं, धोतर अशी वर्गवारी. हेतू त्याने लपवला नाही: हिंदुस्थानच्या लोकांना काय आवडतं हे इंग्रज गिरणीवाल्याला टेबलावर बसून कळावं आणि तसा माल त्याने इकडे विकावा. त्याने हे खंड फार काळजीने केलेत. चौकटी सरळ, तुकडे नीट बसवलेले. अशी काळजी घेतलेलं काम बघितलं की माझ्यासारखीचे हात आधी दाद देतात, आणि मग त्या कात्रीचा राग येतो. आमच्या शहरातल्या मिल कॉर्नरवरून मी आयुष्यभर ये-जा केली आहे. तिथली गिरणी कधीच बंद पडली, नाव राहिलं. हातमाग गिरण्यांपुढे हरले एवढं सगळे सांगतात. हरण्याआधी त्यांची नक्षी मोजून नेली गेली होती, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या जिल्ह्यातली आणखी एक मोठी ठेव या म्युझियमकडे आहे, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला. आधी मेजर रॉबर्ट गिल 1844पासून जवळजवळ वीस वर्षं अजिंठ्यात राहून चित्रं उतरवत होते. पारो आणि गिल यांची प्रेमकथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. लंडनला पाठवलेली त्यांची बहुतेक चित्रं 1866 साली सिडनहॅमच्या काचमहालातल्या आगीत गेली. मग 1872पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यात लेण्यांत जाऊ लागले. पेस्तनजी बोमनजी त्यातले एक. तेरा वर्षांत सुमारे तीनशे चित्रं झाली, तीही इथे आली, आणि 1885च्या आगीत त्यातली शंभरावर जळाली. दोन्ही मिळून 166 उरलीत. ती कायमच्या मांडणीत नाहीत, त्यामुळे मला बघायला मिळाली नाहीत. चित्रं नीट दिसावीत म्हणून त्या मंडळींनी मूळ भिंतींवर व्हार्निश लावलं आणि त्याने मूळ रंगांचं नुकसान झालं. तरीही मला त्या विद्यार्थ्यांबद्दल आदर आहे. लेण्याच्या अंधारात, वटवाघळांच्या घाणीत बसून एकेक बोट, एकेक पापणी उतरवायची! आम्ही आज शालीच्या काठाला अजिंठ्याचं कमळ काढतो, त्या कमळाच्या पाकळ्या मी पहिल्यांदा ग्रिफिथ्स यांच्या 1896-97च्या पुस्तकातल्या चित्रांच्या झेरॉक्सवरून मोजल्या होत्या.

नकलांचीच प्रचंड दालनं तिथे आहेत. रोमच्या ट्रेजन सम्राटाच्या विजयस्तंभाची प्लास्टरची प्रतिकृती छताखाली मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभी केली आहे. 1873 साली ही दालनं उघडली तेव्हा कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी इटलीला न जाता शिकावं हा उद्देश होता. आत्ताही एक मुलगी जमिनीवर बसून वहीत रेखाटत होती.

भाचीने दिलेला डबा मी अंगणातल्या तळ्याकाठी खाल्ला. मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी. मग चहासाठी म्युझियमच्या जुन्या उपाहारगृहात गेले. संग्रहालयात उपाहारगृह असावं ही कल्पना इथूनच सुरू झाली म्हणतात. त्यातली हिरवी खोली विल्यम मॉरिस यांच्या कंपनीने सजवली आहे. मॉरिस या म्युझियममध्ये येऊन जुनी कापडं बघत बसायचे आणि मग स्वतः निळीच्या रांजणात हात घालायचे. स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांचं त्यांचं 1883चं कापड आधी पूर्ण निळीत बुडवून, मग जिथे रंग नको तिथला काढून केलेलं आहे. पाहून, करून, पुन्हा पाहून शिकणारा हा माणूस. आपल्याकडच्या किती ग्राफ काढणाऱ्यांना मागावर बसता येतं? मला अजूनही सरावाने बसता येत नाही, आणि त्याशिवाय ग्राफ नुसता सुबक होतो, विणकराच्या हाताला सोपा होत नाही.

रस्त्यापलीकडे सायन्स म्युझियम आहे. पाय दुखत होते, तरी चार्ल्स बॅबेज यांच्या यंत्राचे भाग बघायला गेले. त्यांच्या दुसऱ्या यंत्राला आज्ञा देण्यासाठी त्यांनी भोकं पाडलेली कार्डं घ्यायचं ठरवलं होतं, ती फ्रान्सच्या जेकार्डच्या मागावरून. जेकार्डने तरी काय केलं? वर बसलेल्या पोऱ्याची जागा कार्डांना दिली.

संध्याकाळी आणखी एका ठिकाणी जायचंच होतं. मी मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी नागसेनवनात 1950 साली ते सुरू केलं नसतं, तर आमच्या घरातली एकही मुलगी पुढे शिकली नसती. चॉक फार्म स्टेशनावरून चालत किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरच्या घरापुढे पोचले. 1921-22मध्ये बाबासाहेब इथे राहून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. महाराष्ट्र शासनाने 2015 साली हे घर घेतलं. मी पोचले तोवर उशीर झाला होता, दार बंद होतं. पाटीपुढे हात जोडले. एक जर्मन जोडपं पाटी वाचत उभं होतं, त्यांना मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की या माणसाने आमच्या गावात कॉलेज काढलं.

परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी, नमाजनंतर, मी उस्तादांकडे गेले. कोठारात काढलेले फोटो मोठे करून नेले होते. सुलट बाजूचे त्यांनी पटापट बाजूला ठेवले. मागच्या बाजूचा फोटो खिडकीजवळ धरला, चष्मा वर केला आणि बोटाने दोऱ्या मोजल्यासारखं करत राहिले. जोडधाग्यावर बोट थांबलं. "ऊपरवाला झपकी ले रहा था," ते म्हणाले. मग गंभीर झाले. कोयरीच्या पोटात पिवळा ज्या पद्धतीने वळवलाय, ती चाल आपल्या नवाबपुऱ्यातल्या कारखान्यांची असू शकते, पण खात्री देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हैदराबादेतही विणायचे. मला ते आवडलं. जिथे पुरावा नाही तिथे त्यांनी आपल्या शहराचं नाव लावलं नाही.

त्या दिवशी आमचं ठरलं की ही कोयरी कार्डांवर चढवायची नाही, जाळ्यावर बांधायची. त्यांचा जुना माग मोडीत गेला आहे, म्हणून एका लहान चौकटीवर वीतभर पन्ह्याचा ताणा लावला. ते बोलतात, हाताने दाखवतात, मी बांधते. प्रत्येक गाठीचा क्रम वहीत लिहून ठेवते आणि बाजूला मोबाइलवर चित्रीकरण चालू असतं. त्यांची नात वर बसून दोऱ्या खेचते. बारावीची परीक्षा झाल्यापासून ती रोज येते आणि क्रम तिला माझ्याहून लवकर पाठ झाला. पहिली पट्टी निघाली आहे. कोयरीचा शेंडा वर-खाली बरोबर उतरतोय, पण पानाची कड दाट पडते. उस्तादांचं म्हणणं आहे की आपण घेतलेलं सूत जाड आहे. मला वाटतं खेचलेल्या झुपक्यात दोन दोऱ्या जास्त येताहेत. पुढच्या आठवड्यात आधी सूत बदलून बघायचं, आणि तरीही कड दाट आली तर जाळ्याचा तेवढा भाग सोडून पुन्हा बांधायचा.